नीलेशच्या वायफायचं नाव

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. कुणी असं काही लिहिलं की मीच आधी टर उडवायचे... त्यामुळे तुम्ही हसलात तरी रागावणार नाही.

माझं माहेर डिचोलीजवळ सर्वणला. घरात आई आणि धाकटा भाऊ नीलेश, दोघंच. मी लग्न होऊन म्हापशाला. गेल्या पावसाळ्यात नीलेश अपघातात गेला.

घरचा मोडेम त्यानेच लावला होता. वायफायचं नावही त्याचंच — इंग्रजी अक्षरांत ‘भूक लागल्या’, म्हणजे भूक लागलीय. कामावरून आला की फोन आईच्या नाकासमोर धरायचा. चावट नुसता! आई हसत पान वाढायची.

तो गेल्यावर बारा दिवस रीतीप्रमाणे त्याची वाडी ठेवली, म्हणजे त्याच्या नावाने जेवण वाढून बाहेर. बाराव्यानंतर हे थांबतं. आई थांबेना. फोन उघडला की ते नाव दिसायचं. मग ती ताट वाढून अंगणात ठेवायची आणि स्वतः दोन घोट पेजेवर राहायची. पार वाळून गेली. हे नुसतं नाव आहे, त्यानेच कधीतरी टाईप केलेलं, असं मी कितीदा समजावलं.

ती म्हणाली, “ताका भूक लागल्या गो. हांव कशी जेवूं?”

आता आईही जाणार, या भीतीने मी ठरवलं — नावच बदलायचं. नेटही सारखं तुटत होतं, ते निमित्त झालं. एका रविवारी सकाळी मोडेम घेऊन बसले. सेटिंगचं पान उघडेना, पासवर्ड नीलेशने बदललेला. हेल्पलाईनवरच्या माणसाने सांगितलं, मागच्या बारीक भोकात पिन दाबून रिसेट करा. जुनं सगळं पुसलं जाईल आणि खालच्या स्टिकरवरचं नाव येईल.

पिन दाबताना मला रडू कोसळलं. त्याचं उरलंसुरलं मी माझ्या हाताने पुसत होते...

दिवे विझले, मग एकेक करून हिरवे झाले. मी फोनवर बघितलं. स्टिकरवरचं नाव नव्हतंच. होतं — ‘जेवलों. तूं जेव.’

शेजाऱ्यांचं असेल म्हणून मोडेमचा प्लग काढला. नाव गेलं. लावला, परत आलं. स्टिकरवरच्या पासवर्डने सेटिंग उघडलं, तर आतही तेच. मी एक अक्षर टाईप केलं नव्हतं. हेल्पलाईनवाला म्हणाला, असं होऊच शकत नाही.

आई मागे उभी होती. चष्मा लावून तिने एकेक अक्षर लावत वाचलं. आत गेली, स्वतःचं पान वाढून घेतलं आणि जेवली. रडत होती, पण पोटभर जेवली.

नंतर दोघातिघा जाणकारांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही, मलाही कळलेलं नाही. आई आता रोज जेवते, त्या नावाला मी हात लावत नाही.

पण त्याच मोडेममध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं. आईला न सांगता मी ते केलं आणि त्याला नाव दिलं — ‘कसो आसा?’, कसा आहेस?

सर्वणला गेले की पाय धुवायच्या आधी फोन उघडते. अजून तरी ‘कसो आसा?’ एवढंच दिसतं.