जिनाला तीन दिवसांची मुदत : फुलसावंगीचा एक प्रवास

ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी दुपारी यूसुफचा फोन आला. यूसुफ हा माझा फुलसावंगीचा बालमित्र; आता तिथे त्याचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. माझे वडील तिथल्या पोस्टात असताना आमच्या दोन घरांची भिंत एकच होती. ख्यालीखुशाली विचारण्याआधीच त्याने प्रश्न टाकला, "अब्बा सापाले काय म्हनत होते, तुले याद हाये का?"

मला आठवत होते. मी चौथीत असताना त्यांच्या न्हाणीत साप निघाला. काठ्या घेऊन धावलेल्या शेजाऱ्यांना हुसेनचाचांनी, म्हणजे यूसुफच्या वडिलांनी, हाताने थांबवले आणि उंबऱ्यावर उभे राहून सापाला तीन दिवसांची मुदत दिली. घरात शिरलेला साप जिन असू शकतो, म्हणून त्याला मारण्याआधी तीन दिवस ताकीद द्यावी, अशी त्यांची श्रद्धा होती. माणसांना सतावणार नाही, असा क़ौल जिनांनी सुलेमान नबीला दिल्याचे ते मानत.

आता चाचा नाहीत. यूसुफची मुलगी रुबीना यवतमाळच्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि रविवारी तिला सुट्टी मिळणार होती. तिच्यासाठी झाडून ठेवलेल्या खोलीतच साप दिसला. चाचीचा, म्हणजे यूसुफच्या आईचा, हट्ट होता की चाचांच्याच शब्दांत ताकीद दिल्याशिवाय सापाला हात लावायचा नाही आणि लेकराला त्या घरात आणायचे नाही. मशिदीतल्या हाफिजसाहेबांनी समजावले, की अल्लाहचे नाव घेऊन कोणत्याही शब्दांत सांगितले तरी पुरते. चाची ऐकेना. आणि लकवा झाल्यापासून ते शब्द तिलाच आठवत नव्हते.

"नाहीतर रुबीना सरळ सासरी नांदेडले जाईन," यूसुफ म्हणाला. "अन् अम्मी काही खाटेवरून उठून पणती पाहाले जाऊ शकत नाही."

"शब्द लिहून पाठवतो," मी म्हणालो.

"तिले लिहिलेलं नको. ऐकाचं हाये."

गुरुवारी सकाळी साडेसहाला नागपुरातून एसटी धरली. यवतमाळपर्यंत पावणेचार तास लागतात आणि तिकीट अडीचशेच्या आसपास पडते. यवतमाळच्या स्थानकाबाहेर तर्री घातलेला आलुबोंडा अवश्य खावा, मात्र तर्री वेगळ्या वाटीत मागावी. पुढे आर्णीमार्गे महागाव. रस्ता आता इतका रुंद झाला आहे की दोन्ही बाजूंची बोंडे फुटलेली पऱ्हाटी दूर गेल्यासारखी वाटते. वडिलांच्या बदलीच्या वेळी याच वाटेवर एका लोखंडी ट्रंकेवर बसून मी आलो होतो, तेव्हा झाडांच्या फांद्या खिडकीतून आत येत. महागावहून फुलसावंगीला वाटून घेतलेला ऑटो चाळीस रुपयांत मिळाला. मुक्कामाची सोय हवी असल्यास ती महागाव किंवा उमरखेडला पाहावी. मला तो प्रश्न नव्हता.

चाचीची खाट पडवीत होती. डावा हात निश्चल, आवाज मात्र तोच.

"आला का पोस्टमास्तरचा? अन् एवढा जाडा काहून झाला रे?"

"अम्मी, आधी काम," यूसुफ म्हणाला.

"काम तीन दिवसाचं हाये. चहा पाच मिनिटाचा."

चहा झाला. बंद खोलीच्या उंबऱ्याशी मी चप्पल काढून उभा राहिलो. यूसुफने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केले. माझ्या स्मरणशक्तीविषयी मला कधीच शंका नव्हती. मी ठाम आवाजात म्हणालो, "ऐ रहनेवाले, सुलेमान अलैहिस्सलाम को जो क़ौल दिया था, वो याद कर. ये घर हमारा है. तीन दिन में निकल जा."

"नाही!"

चाची उजव्या कोपरावर उठू पाहत होती.

"'निकल जा' ते कोनाले म्हनत नव्हते. कुत्र्याले बी नाही. अन् घर हमारा कायचं? भाड्याचं होतं ते!"

तिचे ओठ हलत राहिले. मग एका दमात, मधे कुठेही न अडखळता, ती बोलली, "ऐ रहनेवाले, सुलेमान अलैहिस्सलाम को दिया क़ौल याद करो. हमारे भी बाल-बच्चे, तुम्हारे भी बाल-बच्चे. हमको सताना नहीं, हम तुमको नहीं सताएँगे. तीन दिन की मोहलत है. अपनी सहूलत से जाओ."

यूसुफ मोबाइल धरून तसाच उभा होता. लकव्यानंतर आईचे इतके लांब बोलणे त्याने प्रथमच ऐकले होते.

मुदतीचे उरलेले दोन दिवस मी गावभर हिंडलो. आमच्या जुन्या घराचे दार निळे होते, आता तपकिरी आहे. जेवायला अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, शनिवारी खास माझ्यासाठी बगारा भात आणि दालचा. त्या दुपारी एका शेजाऱ्याने सुचवले, की पलीकडच्या गावात एक आमिल आहे, त्याच्या कब्जात तीन जिन आहेत, तो चुटकीसरशी खोली मोकळी करून देईल.

"तीन जिन?" चाची म्हणाली. "मंग तो फटफटी ढकलत यूसुफच्या दुकानावर काहून येते? जिनाले म्हनाव, धक्का दे!"

हसू ओसरल्यावर ती मला म्हणाली, "जिनावर हुकूम फक्त सुलेमान नबीचा. अल्लाहनं तो दुसऱ्या कोनाले देल्ला नाही. आपून सांगू शकतो, बस."

रविवारी सकाळी उमरखेडचे सर्पमित्र आले. धान्याच्या कोठीमागून त्यांनी दोन मीटरची धामण काढली. "चाची, बिनविषारी हाये. उंदरासाठी आलती."

मी चाचीकडे पाहिले. आता काय म्हणणार?

"ज्याले जायाचं होतं तो गेला," ती शांतपणे म्हणाली. "हा राह्यला, तो साप. न्या त्याले जंगलात."

तीन वाजता गाडी दारात थांबली. रुबीनाने बाळ आजीच्या उजव्या कुशीत ठेवले. चाचीने त्या मुठीएवढ्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ पाहिले आणि मग मलाच दटावले, "उभा काय राह्यला? पंखा बंद कर, थंडी वाजन तिले."

नागपूरला परतून पंधरा दिवस झाले. जिन असतात की नाही, याचा निर्वाळा मी देणार नाही. मला टोचते ते वेगळेच. चाचांच्या विनंतीचा माझ्या डोक्यात हुकूम कधी झाला? बहुधा न्हाणीत साप निघाला त्याच दिवशी. भ्यालेल्या मुलाला जे ऐकायचे होते, तेच मी ऐकले असावे, आणि ते त्यांचेच शब्द म्हणून आयुष्यभर सांभाळले.

ते रेकॉर्डिंग यूसुफने मला पाठवले आहे. ते माझ्या आवाजाने सुरू होते. तेवढा भाग कापून टाक, असे मी त्याला कळवले.

"अम्मी नाही म्हनते," त्याचे उत्तर आले. "पोस्टमास्तरचा चुकला नसता तर मले आठवलंच नसतं, म्हने. राहू दे."

मी हिशेब तपासनीस आहे. तीस वर्षे इतरांच्या चुकांवर लाल खूण करत आलो. ही एक चूक मात्र मीही तशीच ठेवली आहे.