खिशात डबी असताना फादर

आमच्या चर्चच्या आधीच्या फादरांइतक्या ठामपणे भलत्याच घरात शिरणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नसेल. मूळचे वसईकडचे. आमची बोली त्यांना निम्मीच कळायची. आजाऱ्यांना घरी जाऊन कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर द्यायची, तर तिची डबी खिशात असेपर्यंत वाटेत एक शब्द बोलायचा नाही, फोनही बंद, असा त्यांचा नेम. "देव सोबत असताना गप्पा कसल्या?" म्हणायचे. ठीक आहे, पण मग रस्ता कसा विचारणार? त्यावर त्यांचा तोडगा होता : ज्या दारापुढे चपला जास्त, तिथं आजारी माणूस. या न्यायाने पोखर्णीत ते एकदा शिवणक्लासात जाऊन बसले होते.

वालूरच्या मार्थामावशींना साखरेचा आजार. आजाऱ्याला उपास नसतो, हे फादरांनी सांगितलं, मी सांगितलं. पण "देव पोटात गेल्याबिगर पानी बी न्हाई," हा मावशींचा हट्ट. त्या रविवारी मी आधीच जाऊन त्यांच्याजवळ बसले होते. ऊन डोक्यावर आलं तरी फादरांचा पत्ता नाही. मावशींचे हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम सुटला. साखरपाण्याचा पेला मी तोंडाशी नेला, तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. शेजारीण म्हणाली, फादरांची स्कूटर तर मागच्या गल्लीत उभी आहे. मावशींना तिच्या हवाली करून मी धावले.

मागच्या गल्लीत एका घरी सोयरिकीची बैठक भरली होती. मधोमध गादीवर फादर. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, कपाळाला कुंकू. अंगात साधा शर्ट-पँट, तोंडातून शब्द नाही, त्यामुळे मुलाकडच्यांना ते मुलीचे मामा वाटले आणि मुलीकडच्यांना मुलाचे. मानपानावरून वाद पेटला होता म्हणे, पण मामा गप्प म्हणजे नाराज, असं समजून दोन्हीकडचे नमते घेत सुटले होते. समोर नवरी मान खाली घालून बसलेली, आणि फादर तिच्याकडे अपार करुणेने पाहत होते. मलाही क्षणभर कळेना, हे नक्की कुणाचे कोण.

मी कानात सांगितलं तसे ते ताडकन उठले. "मामा, आमचं काई चुकलं का?" एक म्हातारे काकुळतीने विचारायला लागले. फादरांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले.

मावशींच्या जिभेवर कम्युनियन ठेवलं, प्रार्थना संपली, तेव्हा कुठे फादरांचं तोंड उघडलं : "त्या मुलीला काय आजार आहे हो?"

मागच्या गल्लीतली बैठक मी सांगितली, तसा साखरपाण्याचा घोट मावशींच्या नाकात गेला. "आजार कशाचा? लगीन ठरायलंय तिचं." आणि हसत हसत त्यांनी वाटीभर खिचडी खाल्ली.

पुढे या फादरांची बदली झाली. नवे फादर फोन चालू ठेवतात, रस्ता विचारतात, सकाळी लवकर येतात. मावशींची साखर आता उतरत नाही, माझी धावपळ वाचली. पण नवे फादर गेले की मावशी बराच वेळ दाराकडे बघत राहतात.

"कुटंबी थांबले न्हाईत," म्हणतात. "सरळ हितंच आले."

ही तक्रार की कौतुक, मला अजून कळलेलं नाही.