तूप घालेपर्यंत थांबा

माई गेल्याची बातमी पाटणच्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं आणली. मी अंगणात मिरच्यांचे देठ काढत बसले होते. "साताऱ्याच्या डाक्टरीनबाई गेल्या म्हनं, तकडं सांगलीला, भावाच्या घरी," तो म्हणाला. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "घाईनं गेल्या का सावकाश?" "रातीला निजल्या त्या उठल्याच न्हाईत." "मग ठीक हाय," असं म्हणून त्या पदरानं डोळे पुसायला लागल्या. ड्रायव्हर बिचारा आमच्याकडे बघतच राहिला. त्याला काय माहीत, माईंचं नाव निघालं की आमच्या घरात घाईचा विषय यायचाच!

साताऱ्यात माईंचं छोटंसं बाळंतिणींचं हॉस्पिटल होतं. बाई अंगानं भरलेल्या, आवाज खणखणीत, आणि हसायच्या अशा की ऐकणाऱ्या बाळंतिणींचे टाके दुखायचे. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते लढाईच्या दिवसांत. आमचे हे पलटणीबरोबर समुद्रापार, आणि सुलू माझ्या अंगावर पिणारी. एके सकाळी ओठांना मुंग्या आल्या आणि बघता बघता दोन्ही हात मनगटात वळले. बोटं अशी आखडली की सोडवता सुटेनात. गावात कुणी बाधा म्हणालं, कुणी दृष्ट. मला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. सुलू भुकेनं रडत होती आणि मला माझी लेक उचलून घेता येत नव्हती... त्या रडण्यानं मी निम्मी मेले होते. सासूबाईंनी तिला पोटाशी बांधलं, मला बैलगाडीत घातलं आणि पुढं मोटारीनं सातारा गाठला.

माईंनी माझे हात पाहिले आणि सुलूकडे वळून म्हणाल्या, "लबाड आहेस की गं! आईच्या अंगातलं सगळं कॅल्शियम दुधातून ओढून घेतलंस?" मग औषधाची काचेची कुपी काढली. ती उजेडापुढे धरली तर तळाशी बारीक खडे. झालं, कुपी कोमट पाण्यात. पुन्हा उजेडापुढे, पुन्हा पाण्यात. इकडे माझा श्वास कोंडतोय आणि या बाई भांड्यापाशी जावई जेवायला यायला अजून अवकाश असल्यासारख्या निवांत उभ्या! खडे पार विरघळले तेव्हा कुठं औषध पिचकारीत आलं. सुई शिरेत गेली, तरी त्यांनी दट्ट्या आधी मागं ओढला आणि पिचकारीत रक्ताचा धागा दिसल्यावरच मान हलवली. "हे शिरेबाहेर गेलं तर मांस नासतं," त्या म्हणाल्या. मग एका हाताची बोटं माझ्या नाडीवर ठेवली, दट्ट्या जेमतेम हलला, आणि विचारतात काय, "हं, पुरणपोळी कशी करतेस ते सांग."

सासूबाई भडकल्याच. "आवं डाक्टरीनबाई, पोरीचा जीव चाललाय आन् तुमाला पोळी सुचतीया? भसाभसा टोचा की एकदाचं!"

"भसाभसा टोचलं तर हिचं काळीज थांबेल, मावशी. मग नात कुणाच्या गळ्यात घालू?"

सासूबाईंनी सुलूला घट्ट धरलं. खरं सांगते, मी त्या क्षणी फार घाबरले. पण माईंनी डोळे मिचकावले. "बोल," म्हणाल्या. मी आखडल्या तोंडानं सुरू केलं, "डाळ घ्यायची... गूळ घालायचा... लाटायची..." दट्ट्या जागच्या जागी थांबला. "न शिजवता? दात पाडशील माझे! पहिल्यापासून सांग." आता मी शाळा शिकलेली, माहेरी लाडाची. पुरण मला येतच नव्हतं, आणि ते सासूबाईंपासून इतके दिवस लपवलं होतं! ते फुटलं तिथं, सुई शिरेत असताना.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि स्वतःच सांगायला घेतलं. डाळ निवडली, धुतली, शिजत घातली. "येळवणी निथळून घ्यायची, आमटीला." "त्यात खोबरं भाजून घालता का?" माईंनी विचारलं, आणि दोघींची आमटीवरून जुंपली. मध्येच माझी नाडी मंदावली असावी. माई म्हणाल्या, "मावशी, चुलीतलं लाकूड मागं ओढा," आणि दट्ट्या थांबवला. नाडी पूर्ववत झाल्यावर चूल पुन्हा पेटली. अंगभर उबारा फिरला. पुरण पाट्यावर वाटून होत होतं तेव्हा माझा अंगठा सुटला, मग एकेक बोट उघडत गेलं. मी हात पसरले आणि सासूबाईंनी सुलूला माझ्या कुशीत ठेवलं. किती रडले मी, काय सांगू! पिचकारीत थोडं औषध उरलं होतं. पोळी तव्यावर उलटली तशी माईंनी दट्ट्या जरा भरभर रेटला असेल-नसेल, तर सासूबाई ओरडल्या, "आवं, थांबा की! तूप कुठं घातलंय अजून?"

माई त्यावर इतक्या हसल्या की आधी सुई नीट धरावी लागली. "घड्याळ माझ्या कमरेला आहेच," मला नंतर म्हणाल्या, "पण नातेवाइकांना घड्याळ दाखवलं की ते मला घाई करतात. पोळीला घाई कुणी करत नाही. आणि पेशंट बोलत असला की त्याला काय होतंय ते मला कळतं." तेव्हापासून दर सणाला आमच्याकडून त्यांना पोळ्या जायच्या, आणि "आमटीत खोबरं कमी" असा उलट निरोप यायचा. सासूबाईंना तो निरोप लय आवडायचा.

शेवटची भेट सांगलीला झाली. माई थकल्या होत्या, तरी कवठे महांकाळच्या एका बाईचा किस्सा रंगवून सांगत होत्या. "ती म्हणाली, आमच्यात पुरण वर्सातनं एकदा, मला भाकरीच येती. आता भाकरी किती वेळ चालणार गं? म्हटलं, मग बाजरी पेरण्यापासून सांग. तर पाऊसच पडेना तिच्या शेतात! सुई धरून माझा हात अवघडला..." आणि पुन्हा तेच हसू, पण आता मध्येच खोकला. निघताना मी पाया पडले, तर म्हणाल्या, "आता येतं का पुरण?" येतं म्हटलं.

परवा होळीला डाळ शिजत घातली, पण पोळ्या द्यायच्या कुणाला, म्हणून सासूबाई चुलीपुढे नुसत्याच बसून राहिल्या. सुलू आता शाळेत जाते. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि सासूबाईंना म्हणाली, "आजी, पोळी कशी करत्यात गं?" सासूबाईंनी डोळे पुसले आणि सुरू केलं, "आदी डाळ निवडायची..." येळवणी निथळली, पुरण वाटलं, पोळी तव्यावर पडली. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. माझी बोटं कधीची सुलूच्या नाडीवर होती, माझं मलाच कळलं नव्हतं. तुपाची वाटी हातात तशीच धरून त्यांनी विचारलं,

"चाललीया का गं नीट?"

"चाललीय, आत्याबाई."

"मग घालते तूप," त्या म्हणाल्या आणि सावकाश, अगदी सावकाश धार सोडली.