मावशींचं 'बरं हाय'

लक्ष्मीमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेबलावर एक पट्टा मोजत होते. फोन ठेवला आणि उरलेला पट्टा मोजून पूर्ण केला. महिना झाला, रडू काही आलेलं नाही. नुसतं बधिर वाटतं...

मावशी नात्यातल्या नव्हेत; आदिलाबाद जिल्ह्यात बोथजवळच्या एका गावात त्या कापूस वेचायच्या. वापराच्या वस्तूंची रचना करणं हा माझा पेशा. वेचणाऱ्या बायांसाठी मी एक झोळी तयार केली होती. कंबरेवरचा भार खांद्यांवर यावा म्हणून तिचं बक्कल पाठीमागे. कशी आहे विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "बरं हाय." मी वहीत 'पसंत' लिहून मोकळी झाले. मी वाढलेली आदिलाबादेतच. साडी आवडली नाही की माझी आईसुद्धा "बरं हाय" म्हणून ती कपाटाच्या तळाशी घालते. घरात कळतं ते कामावर गेलं की कळत नाही, दुसरं काय!

पंधरा दिवसांनी गेले तर झोळी खुंटीला आणि मावशी लुगड्याची ओटी बांधून वावरात. मीही ओढणीची ओटी बांधली आणि दुपारपर्यंत त्यांच्या शेजारच्या ओळीत वेचत राहिले. बोंडांनी बोटं सोलून निघाली. भाकरी खाताना मावशी हळूच बोलल्या.

"माहा उजवा हात मांगं जात नाही, बाई. बक्कल सूनच लावते, सूनच सोडते. परवा ते नव्हती, तं मी भरल्या झोळीनं बांधावर बसून राह्यली."

"मंग मले सांगतलं काऊन नाही?"

"पाहुण्यानं हौसेनं आणलेल्या वस्तूले नाव ठेवाव का?"

लाजून मी वहीतलं 'पसंत' खोडलं. पुढच्या खेपेला बक्कल पुढे आणलं. मावशींनी ते दोनदा ओढून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे नको. गाठच ठीव." त्या 'नको'नं मला जेवढा आनंद झाला, तेवढा कुठल्या शाबासकीनं झालेला नाही. गाठ पुढे, डाव्या हातानं सुटणारी... झोळी तीच ठरली.

परवा त्यांच्या घरी गेले. खुंटीवर मावशींची झोळी होती, त्यांनीच मारलेल्या गाठीसकट. सुनेसाठी नवीन नेली होती. तिनं ती अंगात घातली, पट्टे चाचपले. कशी आहे, मी विचारलं.

"बरं हाय," ती म्हणाली, अगदी सासूच्या सुरात.

मी वही पिशवीतच राहू दिली आणि म्हटलं, "चाल, मी बी येते वावरात."