टिनाचा बिल्ला

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हा मी नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये स्टोअरकीपर म्हणून लागलो. लागलो म्हणजे तात्पुरता. पक्क्या माणसाला पितळेचा बिल्ला, तात्पुरत्याला टिनाचा. तो टिनाचा तुकडा छातीला लावून घरी जायची मला मनापासून लाज वाटायची, म्हणून गेटाबाहेर पडलो की मी तो खिशात घालायचो.

स्टोअर म्हणजे नुसता उकिरडा. पाने, हातोडे, करवती, जॅक, काय कुठं आहे ते देवालाच ठाऊक! मी भिंतीला खिळे ठोकले, प्रत्येक खिळ्याखाली नंबर लिहिला आणि तोच नंबर पांढऱ्या रंगानं हत्यारावर घातला. हत्यार नेणाऱ्यानं आपल्या नंबराचा बिल्ला त्या खिळ्याला अडकवायचा. भिंतीकडं पाहिलं की कोणती वस्तू कोणाकडं ते कळायचं. वर मी स्वतःच नियम केला, की टिनाच्या बिल्ल्यावर जड वस्तू द्यायची नाही. तात्पुरत्या माणसाचा काय भरवसा?

एक खिळा मात्र रिकामाच राहिला. इंजिन उचलायची साखळीची कप्पी माझ्याआधीच कोणीतरी कोणाला तरी देऊन टाकली होती. मॅनेजर म्हणाले, "दसऱ्याच्या आत कप्पी आली तर पितळेचा बिल्ला तुमचा. नाही तर राम राम."

मग काय, माझ्या रविवारांचं वाटोळं झालं. नांदुऱ्यात कळलं, विहिरीतले धोंडे काढायला कप्पी वरवट बकालला गेली. एसटीनं तिथं गेलो तर म्हणे, "होती न बावा, पण संग्रामपूरकडच्या पाव्हण्यानं नेली." कोणत्या पाव्हण्यानं? "आता थे कसं सांगाव! कानावर घालतो साऱ्यायच्या." आमची कप्पी सोयऱ्याधायऱ्यांत मजेत फिरून राहिली होती, आणि मला जो तो नुसता चहा पाजत होता. असं डोकं फिरलं माझं!

बघता बघता खंडेनवमी आली. त्या दिवशी जिनिंगमध्ये सगळ्या हत्यारांची पूजा असायची. सकाळी स्टोअरात शिरलो तर हेडफिटर चाचा न् त्यांची माणसं रॉकेल आणि विटेची भुकटी घेऊन एकेक पाना घासत बसलेली. माझे पांढरे नंबर सफाचट!

"अहो चाचा, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? पूजा हाय आज. कळकट हत्यार मांडता का देवापुढं?"

मी आरडाओरडा केला, चाचांनी आणखी एक पाना चकचकीत करून माझ्या हातात दिला. शेवटी मलाच हसू फुटलं.

नारळ फोडायला मॅनेजर आले, तेवढ्यात गेटातून एक बैलगाडी आत आली. गाडीत गोणपाटावर आमची कप्पी! एक उन्हानं रापलेला शेतकरी खाली उतरला आणि म्हणाला, "मांगच्या साली नवमीले ही माह्याच घरी व्हती, पण पूजा नाही केली. वस्तू ज्याची, पूजा त्याच्या घरी. कोणाची हाय तेच समजत नव्हतं. तुमी वरवटले आलते म्हने, तवा समजलं."

तेवढ्यासाठी हा भला माणूस संग्रामपूरच्या पलीकडून गाडी जुंपून आला होता. मला इतका आनंद झाला की कप्पीला हळद मीच लावली. पूजा आटोपली, प्रसाद झाला, तरी तो जाईना. डोकं खाजवत म्हणाला, "आता नेऊ का वापस? ईर अर्धीच खोदून झाली. दिवाईच्या आत आणून देतो."

मॅनेजर माझ्याकडं वळले. "स्टोअर तुमचं. तुम्ही सांगा."

"बिल्ला लागतो," मी म्हटलं.

"माह्यापाशी कुठचा बिल्ला, साहेब?"

पूजेसाठी एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. मी माझ्या छातीवरचा बिल्ला काढला आणि कप्पीच्या खिळ्याला अडकवला.

"टिनाच्या बिल्ल्यावर जड वस्तू जात नाही," मॅनेजर म्हणाले. "नियम तुमचाच ना?"

माझं तोंड एवढंसं झालं. त्यांनी माझा बिल्ला खिळ्यावरून काढला, खिशात हात घातला आणि खिळ्याला एक नवाकोरा पितळेचा बिल्ला अडकवला.

"हा तुमचा. आता द्या."

दिवाळीपर्यंत तो बिल्ला खिळ्यालाच होता. मी रोज छातीला काहीच न लावता घरी जायचो, आणि रस्त्यात भेटेल त्याला थांबवून त्याचं कारण सांगायचो.