काचेवरचं लोखंड

हिसाए सकाळपासून चौथ्यांदा खुर्चीतून उठली. ओकायामाच्या डोंगरावरच्या वेधशाळेत, दुर्बिणीतून काचेवर उमटलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटातल्या रेषा मोजण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. पण एका जुन्या ताऱ्याची ही काच तिला स्वस्थ बसू देईना; तिच्यावर लोखंडाच्या रेषा ठळक दिसत होत्या. लोखंड ताऱ्यांच्या पोटात शिजतं, तारा फुटला की आकाशगंगेत उधळतं आणि मागून जन्मणाऱ्या ताऱ्यांना आयतं मिळतं. हा तारा तर अगदी सुरुवातीच्या पिढ्यांमधला. त्याच्यात इतकं लोखंड कुठलं? शिवाय तारा आपल्याकडे धावत येत असल्याने त्याच्या बाकी रेषा सरकलेल्या, लोखंडाच्या मात्र जागच्या जागी. म्हणजे त्या त्याच्या नव्हेतच.

ती तडक जेवणघरात गेली. महिनाअखेरीस निवृत्त होणारे, रात्रपाळीला दुर्बीण चालवणारे कुरोसे उदोनच्या शेवया भुरकत होते.

"कुरोसेसान, ती काच घेतलीत त्या पहाटे दुर्बिणीची झडप किती वाजता मिटलीत?"

"वहीत लिहिलंय की! काचा मोजून मोजून डोळे गेले वाटतं तुमचे?"

"वहीत साडेचार आहेत. काचेवर उजाडत्या आकाशातून आलेलं सूर्याचं लोखंड आहे."

कुरोसेंचा हात थबकला. "फार मंद होता हो तारा. म्हटलं, आणखी थोडा उजेड मिळू दे बिचाऱ्याला. जरासंच फटफटलं होतं."

"प्राध्यापक आज या ताऱ्यावरचा लेख टपालात टाकताहेत. त्यात मापं माझी आहेत."

"पंधरा दिवस दम धरवला नसता का तुम्हाला? तोवर मी घरी गेलो असतो."

हिसाए जागची हलली नाही. कुरोसेंनी वाडगा सरकवला, तोंड पुसलं आणि तिच्याकडे न बघता प्राध्यापकांच्या खोलीचा जिना चढायला लागले.