विलीनीकरणाच्या बाजूने तीन मिनिटं

धर्मराजला गप्प करायचं असेल तर त्याच्या तोंडात काहीतरी घालावं लागतं, हे मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकले. नवरा माझा आहे, म्हणून बोलायचा हक्क आहे मला. स्टॅटिस्टिक्सचा प्रोफेसर, पण आकड्यांपेक्षा तत्त्वांवर जीव जास्त. दुकानात रांग मोडणाऱ्याला तो समतेवर भाषण देतो आणि तेवढ्यात दुसरेच दोघं आमच्या पुढे जाऊन उभे राहतात. असा माणूस गेल्या हिवाळ्यापासून मान खाली घालून जेवतो आहे. भाजीत मीठ पडलं नाही तरी बोलत नाही. का, ते सांगते.

जॉर्जियातल्या आमच्या लहानशा गावात दोन सरकारी कॉलेजं. एक मोठं विद्यापीठ, फुटबॉलचं भलंथोरलं मैदान असलेलं. दुसरं त्याच रस्त्यावर थोडं पुढे, लाल विटांचं. काळ्या मुलांना मोठ्या विद्यापीठात पाऊल ठेवायची बंदी होती, त्या काळात हे त्यांच्यासाठी निघालं. आता कुणीही कुठेही शिकू शकतं, पण लाल विटांच्या कॉलेजात आजही बहुतेक मुलं काळीच आहेत. धर्मराज तिथे चौदा वर्षं शिकवतो.

त्याला तिथे घेतलं ते गणित विभागाच्या प्रमुख डॉ. वर्लीन हॅस्किन्स यांनी. आमच्या ग्रीन कार्डासाठी कॉलेजात खेटे घातले ते त्यांनीच. आमच्या मुलीच्या, रुहीच्या वेळी भारतातून कुणाला येता आलं नाही, तेव्हा बाळंतिणीचा डबाही त्यांनीच आणला. आता बाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत. माझा ठेचा त्या मक्याच्या ब्रेडला लावून खातात, डोळ्यांतून पाणी येतं, आणि तरी आणखी मागतात. हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे धर्मराजने जे केलं ते एखाद्या परक्याच्या बाबतीत केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

गेल्या वर्षी सरकारी समितीने प्रस्ताव आणला. मुलं कमी होताहेत, दोन दोन कॉलेजं परवडत नाहीत, दोन्हींचं एक करा. नाव मोठ्याचं राहणार, आणि लाल विटांचं कॉलेज त्याचा ‘ईस्ट कॅम्पस’ होणार. गावात एकच गलका झाला. जाहीर सुनावणी ठरली, ज्याला बोलायचं असेल त्याला तीन मिनिटं. धर्मराजने नाव दिलं. मला वाटलं, विरोधात बोलेल.

“विरोधात कशाला?” तो म्हणाला. “मी फेवरमध्ये बोलणार आहे. वेगळं ठेवलं की कमी लेखलं जातं, उपासना. सिंपल आहे.”

“हॅस्किन्सबाईंना विचारलंस?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे यार. त्यात विचारायचं काय?”

त्याचं हे ‘वेगळं’ कुठून येतं ते मला माहीत होतं. त्याच्या गावात स्मशानं दोन. गावाच्या स्मशानाला पत्र्याची शेड, आमच्या लोकांच्या स्मशानाला नुसतं माळरान. त्याचे वडील गेले तेव्हा पाऊस थांबेना. चार जणांनी चितेवर ताडपत्री धरली, आणि शेजारची शेड रिकामी होती. तेव्हा तो नववीत होता. मेल्यावरही वेगळं, ही गोष्ट त्याच्या डोक्यातून कधी गेली नाही, आणि जाऊही नये.

पण हे त्याने इथे कुणाला सांगितलं नव्हतं. अटलांटाजवळच्या अल्फारेटात मराठी कार्यक्रमाला गेलो की कुणी ना कुणी काकू गोड आवाजात विचारतात, “मूळचे कुठले तुम्ही?” तो जिल्ह्याचं नाव सांगतो आणि वड्यांची चौकशी सुरू करतो. जात विचारायची त्यांची रीत त्याला कळते, आणि टाळायची त्याची रीत मला पाठ आहे.

त्या दिवशी मात्र कॉलेजच्या क्रीडागृहात, भरलेल्या बाकांसमोर, त्याने सगळं सांगितलं. मी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला आहे. माझ्या वडिलांना वेगळ्या जागी, पावसात जाळलं. वेगळ्या जागेने माणसाचा मान कधी वाढत नाही, म्हणून ही दोन कॉलेजं एक करा. एकदाही थांबला नाही. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांनी तो उघडपणे आपलं नाव-गाव घेऊन उभा राहिला होता.

टाळ्याही पडल्या. पण त्या पडल्या मोठ्या विद्यापीठाच्या लोकांकडून. समितीतल्या एका गोऱ्या बाईंनी डोळे टिपले. लाल विटांच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी, म्हातारे म्हातारे लोक, चांगले कपडे करून आलेले, हातांची घडी घालून बसून राहिले. बाहेर पडताना हॅस्किन्सबाई त्याच्याजवळ आल्या. “तुझ्या वडिलांचं ऐकून फार वाईट वाटलं, धर्म,” एवढंच म्हणाल्या, आणि गाडीकडे गेल्या. धर्मराजला वाटलं, बाईंना पटलं. हुशार माणसं कधी कधी इतकी बावळट असतात की हात टेकावेत.

दोन दिवसांनी अनुपचा फोन आला. अनुप अल्फारेटात असतो, आयटीत आहे. कॉलेजात असताना हे दोघं होस्टेलच्या एका खोलीत राहायचे. फोन स्पीकरवर होता आणि मी पोळ्या लाटत होते.

“जय भीम, भाऊ. व्हिडिओ बघितला तुझा.”

“जय भीम! कसा वाटला?” धर्मराज खुलला.

“तू वेडा आहेस का? काय केलंस हे?”

धर्मराज तत्त्व समजावून सांगायला लागला. अनुपने त्याला तोडलं. “आपण कुठे शिकलो रे? बाबासाहेबांनी काढलेल्या संस्थेत ना? मेसमध्ये पहिल्या दिवशी तू ताट घेऊन दाराशी बसला होतास. कुणी सांगितलं नव्हतं, सवयीने बसला होतास. मी तुला हाताला धरून मध्ये आणलं. उद्या कुणी म्हणालं, ते कॉलेज शेजारच्या मोठ्या कॉलेजात घाला आणि नाव पुसून टाका, तर तू फेवरमध्ये बोलशील?”

धर्मराजने हातातला कप ओट्यावर ठेवला.

“त्यांचं ते कॉलेज म्हणजे तुझ्या गावचं स्मशान नाही, भाऊ. ती आपली मेस आहे. तू मेस बंद करायला सांगून आलास.”

तव्यावरची पोळी जळाली तेव्हा मला भान आलं. धर्मराज ओट्याला टेकून उभा होता, चेहरा उतरलेला. दुसऱ्यांनी हाकलून दिलेली जागा आणि हाकललेल्यांनी स्वतः उभारलेली जागा, यातला फरक त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो त्या फरकावर वाढला होता. तरीही ऐन वेळी त्याला फक्त ताडपत्री आठवली, ताट आठवलं नाही.

मग सुरू झालं ते प्रायश्चित्त, आणि ते बघताना हसावं की रडावं कळेना. तो माफी मागायला रोज बाईंच्या खोलीशी जायचा आणि पुढच्या सेमिस्टरच्या वेळापत्रकावर बोलून परत यायचा. शनिवारी त्यांच्या अंगणातली पानं गोळा करायला गेला. त्यांच्या छपराची पन्हळ साफ केली. आमची स्वतःची पन्हळ दोन वर्षं तुंबलेली आहे. बाईंनी त्याला थांबवलं नाही, लेमोनेड दिलं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. झोपेत दात खायला लागला.

इकडे त्याचं वाक्य गावोगाव फिरत होतं. समितीचे अध्यक्ष प्रत्येक सभेत ते म्हणायचे: ‘वेगळ्या जागेने माणसाचा मान वाढत नाही, हे एका अस्पृश्य प्राध्यापकाने आपल्याला सांगितलं आहे.’ विरोध करणाऱ्यांची तोंडं त्या एका वाक्याने बंद व्हायची. ज्याने आयुष्यभर अपमान सोसला त्याला उलट कोण बोलणार? वडिलांचं मरण आपण नको त्या कामाला लावलं, हे धर्मराजला सर्वांत जास्त खात होतं.

शेवटच्या सभेसाठी तो अटलांटाला गेला. मी सोबत होते. पुन्हा तीन मिनिटं मिळाली. “मी चुकलो,” तो म्हणाला. “ते कॉलेज त्यांच्यावर कुणी लादलेलं नाही, त्यांनी ते टिकवलेलं आहे. माझे शब्द परत घ्या.” अध्यक्षांनी हसून मान हलवली, त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. या वेळी टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. तासाभरात प्रस्ताव मंजूर झाला. परतताना मी गाडी चालवली.

महिन्याभराने मोठ्या विद्यापीठाचा निरोप आला. दोन्हीकडचे गणित विभाग एक होणार, आणि त्याचा प्रमुख म्हणून धर्मराज हवा. हॅस्किन्सबाईंना निवृत्तीचा मार्ग दाखवला होता. त्यांची खुर्ची याला.

आम्ही दोघं त्याच संध्याकाळी बाईंच्या घरी गेलो. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून धर्मराज म्हणाला, “मी नाही म्हणून कळवणार आहे. मला ते पद घ्यायचा अधिकार नाही. आणि डॉक्टर, त्या दिवशी मी जे बोललो त्याबद्दल मला माफ करा.”

बाईंनी कप ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदाच पाहिलं. “तुला मोकळं वाटावं म्हणून तू नाही म्हणणार,” त्या म्हणाल्या. “आणि माझी मुलं? कच्च्या गणिताची ती मुलं ऑगस्टमध्ये तिथे जातील, तेव्हा त्यांना बाहेर काढायचं की सांभाळायचं हे कोण ठरवणार? त्यांना कधी न भेटलेला कुणीतरी? तुझं नाव मीच सुचवलंय. तुला वाईट वाटतंय ना, ते तुझ्या घरी ठेव. कामाला ये.”

धर्मराजने मान डोलावली. मग म्हणाला, “मग पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यासोबत चला. तुम्ही मला तिथे नेऊन बसवा.”

“मी त्या इमारतीत जाणार नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “एक्कावन्न साली माझी आई तिथे गेली होती. शाळेत पहिली आलेली मुलगी, बहिणीचे पांढरे हातमोजे मागून घातलेले. त्यांनी तिचा अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. ती तशीच चालत आपल्या कॉलेजात आली. तिथे तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. नंतर तिने चाळीस वर्षं त्याच कॉलेजात गणित शिकवलं. बाजारात जातानाही त्या विद्यापीठावरून जायची नाही, लांबच्या रस्त्याने जायची.”

धर्मराज म्हणाला, “तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू कधी विचारलं नाहीस,” बाई म्हणाल्या. रागाने नाही. नुसतं जे होतं ते सांगितलं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तो मोठ्या विद्यापीठाच्या त्या इमारतीत एकटाच गेला. दाराशी पहारेकरी होता. त्याने ओळखपत्र मागितलं नाही, काही विचारलंही नाही. “गुड मॉर्निंग, सर,” म्हणाला आणि दार उघडून धरलं. “बाईंच्या आईचा अर्ज त्यांनी हातात घेतला नव्हता, आणि मला दार उघडून धरलं,” संध्याकाळी घरी येऊन धर्मराज म्हणाला, आणि मान खाली घालून जेवायला बसला.